टिंगमामांचं ‘नको’

शाळेत घंटा देणाऱ्या माणसाचं नशीब मोठं विचित्र असतं. सकाळी त्याच्या हातात हातोडी दिसली की मुलांना तो जगातला सर्वांत दुष्ट माणूस वाटतो, आणि शेवटच्या तासाला तोच हात घंटेकडे वळला की त्याच्यासारखा देवमाणूस नाही. एका दिवसात इतक्या वेळा गादीवर बसणं आणि गादीवरून उतरणं पुढाऱ्यांनाही झेपणार नाही. आमच्या शाळेच्या शिपायांनी ते उभा जन्म पेललं, आणि चेहऱ्यावरची एक रेष हलू दिली नाही.

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जाई. एरवी, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, सगळी शाळा त्यांना टिंगमामा म्हणू लागली होती. त्याचं असं, की व्हरांड्याच्या टोकाला साखळीने टांगलेली एक जाडजूड पितळी तबकडी होती, तीच आमची घंटा. मामा तिच्यावर असे ठोके देत, की चौकात झोपलेला कुत्रासुद्धा तास बदलल्यासारखी कूस बदले. ठोके झाले की ते तळवा लावून तबकडीची थरथर शांत करत. आणि मग हातोडीच्या टोकाने तिच्या कडेला अगदी हलकेच, झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावावं तसा, एक स्पर्श करत. टिंग. नंतर मान जराशी वाकडी करून, डोळे मिटून क्षणभर उभे राहत. हातोडी खुंटीला अडकवत आणि कामाला लागत.

या टिंगवर शिक्षकांच्या खोलीत बरंच संशोधन झालेलं होतं. गणिताच्या सरांचं म्हणणं, मामांना ठोके मोजता येत नाहीत, म्हणून ते एक हातचा देऊन ठेवतात. गाण्याच्या बाई म्हणत, "छे हो, ते सूर लावून बघतात. बिचाऱ्याला कुणी शिकवलं असतं तर कुठच्या कुठे गेला असता." पाचवीतल्या मुलांच्या मते मागच्या भिंतीत एक भूत राहत होतं आणि टिंग म्हणजे त्याची हजेरी. खरं सांगायचं तर पाचवीतली मुलंच सत्याच्या सगळ्यांत जवळ होती. टिंग मागच्या भिंतीसाठीच होती. भिंतीपलीकडे मामांची खोली होती, आणि खोलीत मामी होत्या.

मामी म्हणजे एके काळचं चालतंबोलतं आकाशवाणी केंद्र. प्रक्षेपण पहाटे सुरू व्हायचं ते मामा घोरायला लागेपर्यंत. मामा कमी बोलत, कारण त्यांच्या वाट्याचंही मामी बोलून घेत. मधल्या सुट्टीत त्यांच्या खिडकीशी मुलांची ही गर्दी. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाची चप्पल, कुणाचं मन. मामी सगळ्याला टाका घालत आणि वर दोन शिव्याही देत. "अरे गाढवा, शर्ट आहे की पोतं? ये इकडे. हलू नकोस, नाहीतर कानच शिवीन शर्टाला!" कान शिवून घेण्यासाठी मुलं रांग लावत.

मग एके सकाळी मामी गॅस पेटवायला उठल्या आणि ओट्याशीच कोसळल्या. अर्धांग. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. इतक्या मोठ्या शब्दांच्या कोठारातून आजाराने एकच शब्द मागे ठेवला : बरं.

पण मामी त्या एका शब्दात सगळा संसार चालवू लागल्या. "बरं?" म्हणजे, जेवलात का. "बरं!" म्हणजे, पुरे आता, जास्त लाड नकोत. "बरं बरं" म्हणजे, खोटं बोलताय, कळतंय मला. लांबवलेलं "बरंऽऽ" हे पूर्वीच्या अर्ध्या तासाच्या भांडणाचं सार असे. मामा म्हणत, "पूर्वी इतकं बोलायची तर निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. आता सगळं कळतं."

मामींना दिवसभर एकटं ठेवायचं कसं, हा प्रश्न होता. मोबाइलचा प्रयोग करून झाला. डाव्या हाताने मामींनी मामांना लावला की तो दर वेळी गॅस सिलिंडरवाल्याला लागे. तो भला माणूस दोनदा रिकामी टाकी न्यायला येऊन गेला. शिवाय शाळेच्या वेळात सगळ्यांचे फोन मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खणात बंद. शेवटी मामांनीच युक्ती काढली. मामींच्या डाव्या हाताशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. तास संपला की मामा घंटा देणार आणि शेवटी टिंग करणार. टिंग म्हणजे, मी आहे, तू कशी आहेस? मामी चमचा वाटीवर मारणार. टण. म्हणजे, बरी आहे. टण आलं की मामांनी पुढच्या कामाला लागायचं. नाही आलं तर धावत सुटायचं. मधल्या सुट्टीत जाऊन भरवायचं, कूस बदलून द्यायची.

एवढी साधी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली मात्र नाही. कारण होतं त्यांची मुलगी. ती दूरच्या गावी नोकरी करायची. आजारपणानंतर तिने बापाला निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आईजवळ दिवसा माणूस हवं. नसेल तर मी तिला घेऊन जाणार. यात हो-नाही चालायचं नाही." मुलीचं घर इवलंसं. तिथे आईची सोय कशीबशी झाली असती, बापाची नाही. आणि मामांची नोकरीही वर्षअखेरपर्यंत होती. इतकी वर्षं एका खोलीत राहिलेल्या दोघांना शेवटी दोन गावांत राहायचं नव्हतं. मामांनी मुलीला सांगितलं, "आहे गं माणूस." मामी शेजारी पडल्या पडल्या म्हणाल्या, "बरं बरं." आणि मोठ्या बाईंनी या मुलीला लहानपणी शिकवलेलं, दोघींचं फोनवर अजून गूळपीठ. म्हणजे शाळेला कळलं की मुलीला कळलं. म्हणून कुणी विचारलंच, "मामींजवळ असतं ना कुणी?" तर मामा म्हणत, "असतं की." विचारणाराही सुटल्यासारखा पुढे जाई. कुणीतरी असतंच, असा आपला सगळ्यांचाच गाढ विश्वास असतो.

त्याच वर्षी आमच्या पालकसंघाला कृतज्ञतेचा झटका आला.

यात चेष्टेचा भाग थोडा आहे आणि खरा भाग बराच. झालं असं, की विज्ञानाच्या एक तरुण बाई नोकरी सोडून गेल्या. जाताना रडत म्हणाल्या, "इथल्या पालकांना मी फक्त तक्रारीच्या वेळी दिसले." हे वाक्य पालकांच्या जिव्हारी लागलं. सगळ्यांत जास्त लागलं ते पालकसंघाच्या अध्यक्षांना. त्या दातांच्या डॉक्टर. मनाने सोन्यासारख्या, गरिबांचे दात फुकट काढायच्या, आणि तेही हसत हसत. दोष म्हणाल तर एकच. सगळी हयात तोंडात यंत्र घातलेल्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळे समोरचा काही उत्तर देईल, ही शक्यता त्यांच्या लक्षातच येत नसे. "दुखतंय का? नाही ना? छान!" असं त्या स्वतःच विचारत, स्वतःच सांगत, आणि स्वतःच खूश होत.

डॉक्टरबाईंनी सभा बोलावली. "आपण शिक्षकांना दिलंय काय आजवर? कटकट! आता एक दिवस त्यांना पूर्ण विश्रांती. सगळी कामं पालक करतील. शिकवणं, झाडणं, पाणी भरणं, सगळं. आणि टिंगमामा यंदा निवृत्त होतायत, तेव्हा मुख्य सत्कार त्यांचा!"

"माइक मी बघतो," कोपऱ्यावरचे वह्या-पेन्सिलवाले तत्काळ म्हणाले. माइक म्हणजे या गृहस्थांचा जीव की प्राण होता. दुकानातही ते पेन्सिल देताना ‘आणि आता आपल्यासमोर येत आहे’ अशा आवाजात देत.

मामांच्या कानावर आलं तेव्हा ते हातातला झाडू भिंतीला टेकवून डॉक्टरबाईंपुढे उभे राहिले.

"बाई, सत्कार नको."

"अय्या, किती गोड! असं म्हणणार हे ठाऊकच होतं मला."

"नको म्हणजे खरंच नको."

"मामा, मोठी माणसं अशीच असतात बघा."

इथे आपल्या समाजातली एक अडचण सांगायला हवी. सत्कारात ‘नको’ हा शब्द कार्यक्रमाचाच भाग असतो. जो नको म्हणत नाही तो हावरट, आणि जो नको म्हणतो त्याला आणखी एक हार. त्यामुळे ज्याला खरोखरच नको असतं त्याच्यासाठी भाषेत शब्दच शिल्लक राहत नाही. मामांनी बराच विचार करून तडजोड काढली.

"बरं, सत्कार करा. पण घंटा तेवढी माझ्याकडेच राहू द्या. त्या दिवशीही घंटा मीच देणार."

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. "घंटेवर इतका जीव! बघू हं, मामा, बघू."

मामांनी ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा घेतला. आदल्या रात्री मामींना सांगितलं, "उद्या शाळेत गडबड आहे, तुझ्या नवऱ्याला खुर्चीत बसवणार आहेत. पण घंटा माझीच. टिंग येईल बरोबर." मामी म्हणाल्या, "बरं?" म्हणजे, नवा सदरा घालणार ना.

डॉक्टरबाईंनी ‘बघू’चा अर्थ वेगळा लावला होता. सभेत त्या म्हणाल्या, "तो माणूस स्वतःच्या सत्काराच्या दिवशीही राबायला बघतोय. आपण त्याला राबू द्यायचं? त्याचा हात घंटेला लागता कामा नये. आणि अजून एक गंमत. त्यांच्या मुलीला मी गुपचूप बोलावलंय!" टाळ्या पडल्या.

कृतज्ञतेचा दिवस सकाळी तर फार छान उजाडला. नवा सदरा घालून मामांनी पहिली घंटा दिली, टिंग केली, भिंतीपलीकडून टण आलं. मग पालकांनी शाळेचा ताबा घेतला. एका बँकवाल्या बापाने सातवीला अपूर्णांक शिकवायला घेतले आणि थोड्याच वेळात सातवीच त्याला शिकवू लागली. कवायतीला आलेल्या हवालदारांनी मुलांना कमरेत वाकून दाखवलं, ते तसेच वाकलेले बाकावर नेऊन ठेवावे लागले. एका आईने चवथीला गप्प करण्यासाठी इतका आवाज केला की शेजारचा वर्ग गप्प झाला. शिक्षकांच्या खोलीत शिक्षक चहा-बिस्किटं खात, पाय लांब करून बसले होते. दर थोड्या वेळाने कुणीतरी खिडकीतून हे सगळं बघे आणि तृप्त होऊन परत येई. "रोज असं बघायला मिळालं ना, तर मी पगारसुद्धा मागणार नाही," गणिताचे सर म्हणाले. वर्गातून घामाघूम होऊन आलेल्या पालकांनी शिक्षकांचे हात हातात घेतले. खोटं नव्हतं त्यात काही. त्या दिवसापुरतं का होईना, लोकांना कळलं होतं.

मागच्या मैदानात भिंतीला लागून छोटं व्यासपीठ बांधलं होतं. वर मऊ गादीची, लाकडी हातांची नवी खुर्ची. तीच मामांची भेट. निवृत्तीनंतर आरामात बसावं म्हणून. डॉक्टरबाईंनी मामांना दंडाला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, खिशाला फूल लावलं. मामांची बायको त्या वेळी त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होती.

मामांना वेळ बघायला घड्याळ लागत नसे. तास संपत आला तसे ते उठले.

"कुठे निघालात?"

"घंटा द्यायची आहे."

"आज नाही! आज घंटा आमची." आणि पाठोपाठ व्हरांड्यातून ठोके ऐकू आले. वह्या-पेन्सिलवाले घंटा देत होते. माइकसाठी राखलेला सगळा उत्साह त्यांनी तबकडीवर ओतला होता. आग लागल्यासारखी घंटा झाली आणि थांबली.

टिंग नाही.

मामा अर्धवट उभेच राहिले. भिंतीपलीकडून एक आवाज आला. टण. कुणी विचारलं नव्हतं, तरी मामींनी उत्तर दिलं होतं. उत्तर कसलं, प्रश्नच तो.

"बाई, मला जरा घरी जाऊन येऊ दे."

"घरी काय आहे आज? आज हेच तुमचं घर!" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी मामांना खांदा दाबून खाली बसवलं, अगदी पेशंटला बसवतात तसं, मायेने. तेवढ्यात पहिलीची मुलं रांगेने फुलं द्यायला आली. त्यांना कसं म्हणणार, थांबा? एकेक फूल घेत मामा बसले. फुलं मांडीवरून छातीपर्यंत आली. कान भिंतीकडे.

मग त्यांनी मनाशी ठरवलं असावं. ते पुन्हा उठले आणि म्हणाले, "घरी ती एकटी..."

"आणि आता आपल्यासमोर येत आहे!" माइक गरजला. वह्या-पेन्सिलवाले धापा टाकत व्यासपीठावर परतले होते. "एक अशी व्यक्ती, जिला पाहून मामांच्या डोळ्यांत पाणी येईल!"

पडद्यामागून मुलगी आली. डॉक्टरबाईंच्या गाडीतून तिला थेट इथेच आणलं होतं; घरी गेली असती तर गंमत फुटली असती. मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बघा, बघा, आनंदाने बोलता येत नाहीये!" माइक म्हणाला.

मुलगी वाकून हळूच म्हणाली, "बाबा, किती बारीक झालात. आईजवळ कोण आहे?"

"आहे," मामा म्हणाले. "आहे कुणीतरी."

आता त्यांना एकटी हा शब्द काढता येत नव्हता. काढला की मुलगी मामींना घेऊन जाणार. नाही काढला तर मामी भिंतीपलीकडे वाट बघत होत्या. भाषणं सुरू झाली. मोठ्या बाई बोलल्या, एक माजी विद्यार्थी बोलला, डॉक्टरबाई तर काय, भूल दिल्याशिवाय बोलल्या. मामा किती निरपेक्ष, मामा कसे कधी काही मागत नाहीत. त्या क्षणी ते मागत होते. एका हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरून, दर वाक्याच्या शेवटी उठायचा प्रयत्न करून, माणूस जेवढं मागू शकतो तेवढं मागत होते. लोकांना तो संकोच वाटला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. या खेपेला एका उत्साही आईने दिली. ठोके संपले. टिंग नाही.

टण. टण टण. टणटणटणटण. चमचा वाटीवर आपटत होता. टाळ्यांच्या आणि माइकच्या गलक्यात तो एकट्या मामांनाच ऐकू येत होता. मग वाटी जमिनीवर पडल्याचा खणखणाट झाला, आणि पाठोपाठ आणखी काहीतरी पडलं, जड, पण न खणखणणारं.

मामा उठले. फुलं सगळ्या व्यासपीठावर सांडली. पायऱ्या न उतरता त्यांनी खाली उडी टाकली आणि नव्या सदऱ्यानिशी, खिशाला फूल तसंच, ते धावत सुटले.

"लाजले! मामा लाजले!" माइक आनंदाने ओरडला. "याला म्हणतात विनय! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. मामा फाटकातून बाहेर पडेपर्यंत होत राहिल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त मुलीने. ती धावली, आणि तिला धावताना बघून डॉक्टरबाईंच्या हातातली टाळी अर्धी राहिली.

खोलीत मामी खाट आणि दार यांच्यामध्ये पडल्या होत्या. नवऱ्याला काहीतरी झालं, असं समजून ती बाई, जिचं अर्धं अंग तिचं राहिलं नव्हतं, दाराकडे निघाली होती. वाटी भिंतीशी जाऊन पालथी पडली होती. चमचा डाव्या मुठीत होता. मामा दारात दिसले तेव्हा मामींनी त्यांना पायापासून वरपर्यंत पाहिलं. नवा सदरा, खिशाला फूल, धाप लागलेली, पण धडधाकट.

"बरं!" मामी म्हणाल्या. इतक्या आनंदाचं बरं त्या घरात आधी कधी म्हटलं गेलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आत येऊन मामींना कुणाला हलवू दिलं नाही, पाय उशांनी आवळून ठेवला, गाडी बोलावली. तोंडाच्या बाहेरचं डॉक्टरी ज्ञानही त्यांना होतं म्हणायचं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलीने पालथी वाटी उचलली, ओट्यावर ठेवली आणि बापाकडे न बघता विचारलं, "बाबा, कुणीतरी म्हणजे कोण होतं?"

"मीच की," मामा म्हणाले.

मग त्यांनी ते टिंग आणि टण सगळं सांगितलं. डॉक्टरबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचं तोंड त्यांच्या पेशंटांसारखं किंचित उघडं राहिलं होतं.

दवाखान्यातून सुटल्यावर मुलगी आईला घेऊन गेली. भांडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर मामांना सोपं गेलं असतं. "मी काय करू, बाबा?" एवढंच ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. आणि चुकत कुणाचंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. गाडीचं दार लावताना मामा म्हणाले, "रविवारी येतो." मामी म्हणाल्या, "बरं बरं." म्हणजे, खोटं बोलताय. पण मामा खोटं बोलत नव्हते. दर रविवारी बसने जायचे, जिन्याशेजारच्या अरुंद जागेत मामींच्या उशाशी बसायचे, आणि संध्याकाळच्या बसने परत. वाटी इथेच राहून गेली होती. चमचा मात्र मामींच्या मुठीतच त्यांच्याबरोबर गेला, तो त्यांनी तिथेही सोडला नाही. मुलगी सांगे, घरात कुणी नसलं की आई तो खाटेच्या दांड्यावर वाजवते, आणि मग बराच वेळ कान देऊन पडते.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मामी गेल्या. तो रविवार नव्हता.

मामा परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून घंटेवर हजर. ठोके तेच, चौकातला कुत्राही तोच. फक्त शेवटी तबकडी तळव्याने शांत केली की हातोडी सरळ खुंटीला जाई. पहिलीतलं एक कार्टं वर्गाच्या दारातून ओरडलं, "मामा, टिंग राहिली!" बाईंनी त्याला आत ओढलं. मामांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.

पालकसंघाची पुन्हा सभा भरली. शोकसभा घ्यावी, असं ठरलं. वह्या-पेन्सिलवाल्यांनी या वेळी माइक मागितला नाही. ‘मी सतरंज्या घालतो’ म्हणाले. डॉक्टरबाई मामांना सांगायला एकट्याच गेल्या. शाळा सुरू होती, मामा दोन घंटांमध्ये खोलीवर आले होते. सत्काराची खुर्ची कुणीतरी पोचती केली होती. ती रिकाम्या खाटेशेजारी गादीवरचं प्लास्टिकही न काढता उभी होती. मामा ओट्याशी टेकून चहा पीत होते.

"मामा, सभेचं..."

"नको," मामा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. "बरं, नको," त्या म्हणाल्या. समोरच्याच्या उत्तराची वाट बघण्याची सवय नसलेल्या माणसाला असं ऐकून घेणं किती जड जातं, हे त्यांच्या हातांच्या चाळ्यावरून दिसत होतं. पदराचं टोक पिळून पिळून त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?" आणि या वेळी उत्तर स्वतः दिलं नाही.

मामांनी चहा संपवला. कप विसळला, पालथा घातला.

"एक कराल?" ते म्हणाले. "आता मी घंटेला जातो. तुम्ही इथं बसा. मी कायम त्या बाजूला होतो. इथं टिंग कशी ऐकू यायची, मला कधी कळलंच नाही."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. प्लास्टिक चुरचुरलं तशा अंग आक्रसून बसल्या. मामांची पावलं भिंतीच्या कडेने गेली. समोर खाट, खाटेवर घडी घातलेली चादर. ओट्यावर ती वाटी, धुऊन उपडी ठेवलेली. ठोके झाले. भिंतीतून येताना ते मऊ होऊन येत होते. मग थांबले. मग इतकी बारीक, की श्वास घेतला असता तर हुकली असती, अशी टिंग आली.

डॉक्टरबाई वाटीकडे बघत राहिल्या. भिंतीपलीकडे एक माणूस मान वाकडी करून, डोळे मिटून उभा असणार, हे त्यांना दिसत असल्यासारखं कळत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही. उत्तर देणारा तो हात त्यांचा नव्हता. आणि चमचाही तिथे नव्हता.

मधल्या सुट्टीचा कल्लोळ उसळला. त्या उठल्या, मैदानातून, धावत्या मुलांच्या मधून वाट काढत व्हरांड्यात गेल्या. मामा हातोडी धरून तसेच उभे होते.

"येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ ऐकू येते, मामा."

मामांनी हातोडी खुंटीला अडकवली.

"बरं," ते म्हणाले.